पेट्रीबशीपासून जीनोमपर्यंत : नव्या सूक्ष्मजीवशास्त्र प्राध्यापकासाठी मार्गदर्शक

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकाला पहिल्या सत्रातच वेळेची अडचण जाणवू लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. त्यात प्रात्यक्षिकांच्या तुकड्यांची तयारी, अंतर्गत परीक्षा, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे आणि प्रवेशाच्या दिवसांतली कामे मिसळली की संशोधनासाठी उरतो तो दुपारी चारनंतरचा वेळ आणि दिवाळीची सुट्टी. पीएच.डी. करताना हाताशी असलेला उणे ८० अंशांचा फ्रीझर, सर्व्हर आणि शेजारच्या टेबलावरचे अनुभवी सहकारी यांपैकी काहीही नव्या जागी नसते. अशा परिस्थितीत प्रतिजैविक-प्रतिरोध (जिवाणूंनी औषधांना दाद न देणे) आणि जिवाणूंचे जीनोम (संपूर्ण डीएनए) या विषयांवर काम करता येईल का, असे नव्याने रुजू झालेले सहकारी मला विचारतात. काम करता येते, आणि ते मोलाचेही ठरू शकते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

जीनोमचे सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणे) आज पैसे देऊन बाहेरून करून घेता येते. शुद्ध कल्चर (एकाच जिवाणूची वाढ), काळजीपूर्वक मोजलेला झोन (औषधाच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ) आणि रोजच्या रोज भरलेली नोंदवही मात्र कुणी विकत देत नाही, आणि नेमक्या याच तीन गोष्टी साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होऊ शकतात. म्हणून पुढच्या मजकुरात सिक्वेन्सिंगच्या आधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

विषय आपल्या अगदी जवळचा आहे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे झाले आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता. आज जगभर पसरलेले सीटीएक्स-एम-१५ हे प्रतिजैविके निकामी करणारे एन्झाइम प्रथम वर्णिले गेले ते दिल्लीतल्या रुग्णालयातून १९९९ मध्ये मिळालेल्या जिवाणूंमध्ये. तरीही लहान शहरांतून आणि तालुक्यांच्या ठिकाणांहून येणारी विश्वासार्ह माहिती अजून थोडी आहे, कारण मोठी सर्वेक्षणे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांवर उभी आहेत. ही उणीव भरून काढणे तालुक्याच्या महाविद्यालयाला शक्य आहे.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

‘आमच्या परिसरातील प्रतिरोधी जिवाणूंचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते फक्त शीर्षक आहे. प्रश्नात जिवाणू कोणता, नमुना कशाचा, काळ कोणता आणि तुलना कशाशी, या चारही गोष्टी यायला हव्यात. उदाहरणार्थ : शहरातील एका नाल्याच्या पाण्यात एकूण ई. कोलायपैकी ईएसबीएल (सेफोटॅक्सिमसारखी प्रतिजैविके निकामी करणारी एन्झाइमे) तयार करणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण रुग्णालयाच्या सांडपाण्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला वेगळे आहे का? असा प्रश्न दोन शिक्षक आणि दोन विद्यार्थी मिळून एका वर्षात पूर्ण करू शकतात.

पर्यावरणातून सुरुवात करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘ट्रायसायकल’ ही कार्यपद्धती उत्तम पाया आहे. माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्हींत ईएसबीएल ई. कोलाय हा एकच निर्देशक मोजायचा, अशी तिची रचना आहे. पाण्याचा नमुना साध्या माध्यमावर आणि प्रति मिलिलिटर ४ मायक्रोग्रॅम सेफोटॅक्सिम घातलेल्या माध्यमावर असा जोडीने लावला जातो आणि दोन्हींवरच्या मोजणीवरून प्रमाण काढले जाते. आपल्याकडे हे प्रमाण फार उपयोगी पडते, कारण जुलैमध्ये नाला दुथडी भरून वाहत असताना जिवाणूंची संख्या पावसाच्या पाण्याने विरळ होते आणि मे महिन्यातल्या संख्येशी तिची थेट तुलना करता येत नाही. प्रमाणाची तुलना त्या मानाने टिकते. तरीही नमुना घेतल्याच्या दिवसाचा आणि आदल्या दोन दिवसांचा पाऊस नोंदवहीत लिहून ठेवावा.

रुग्णालयाशी जोडून काम करायचे असेल तर एक जिवाणू आणि एक नमुना एवढेच निवडा. लघवीच्या नमुन्यांतील ई. कोलाय हा चांगला आरंभ आहे. यातला धोका आधीच ओळखून ठेवायला हवा. साध्या मूत्रमार्ग संसर्गाचा रुग्ण बहुधा कल्चर न करताच गोळ्या घेऊन बरा होतो, आणि प्रयोगशाळेत पोहोचतो तो पहिले किंवा दुसरे औषध लागू न पडलेला रुग्ण. म्हणून ‘आमच्या जिल्ह्यात ७० टक्के प्रतिरोध’ असे वाक्य अशा नमुन्यांवरून लिहिता येत नाही. ‘या प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यांपैकी’ असेच लिहावे लागते. एका रुग्णाकडून एकच, म्हणजे पहिलाच, आयसोलेट (नमुन्यातून वेगळा केलेला जिवाणू) मोजावा. हा नियम पाळला नाही तर महिनाभर वॉर्डात असलेल्या एकाच रुग्णाचे सहा आयसोलेट संपूर्ण टक्केवारी बदलून टाकतात.

दुसरी पायरी : परवानग्या आणि सुरक्षा

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच मागे पडतो; पण नमुने गोळा झाल्यानंतर मागितलेली नैतिक परवानगी चांगली नियतकालिके मान्य करत नाहीत. रुग्णांचे आयसोलेट वापरायचे असतील तर रुग्णालयाशी लेखी करार आणि नैतिक समितीची मंजुरी हवी, आणि ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत हवी. आपल्या महाविद्यालयात अशी समिती नसेल तर सहकारी रुग्णालयाच्या समितीकडे जावे. ओळख पुसून टाकलेल्या उरलेल्या नमुन्यांसाठी रुग्णाच्या संमतीतून सूट देण्याची तरतूद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, मात्र ती सूट समिती देते, आपण स्वतः गृहीत धरायची नसते. रुग्णाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक घेऊच नका. वयोगट, लिंग, नमुन्याचा प्रकार, वॉर्ड की बाह्यरुग्ण विभाग, आणि तारीख एवढे पुरते.

परदेशी सहकाऱ्याला कल्चर पाठवण्याचा विचार असेल तर जैवविविधता कायद्याखालच्या आणि आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीच्या परवानग्या लागतात. पहिल्या वर्षी त्यात पडू नये. जनुक क्लोन करायचे असेल तर संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्यावी.

प्रयोगशाळेतली शिस्त आपल्याच हातात आहे. रुग्णालयातील आयसोलेट हाताळण्यासाठी दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा आणि चालू स्थितीतले, तपासणी झालेले बायोसेफ्टी कॅबिनेट लागते. महाविद्यालयांत पुष्कळदा असते ते लॅमिनार फ्लो, आणि ते कल्चरचे रक्षण करते, काम करणाऱ्याचे करत नाही. त्यातली हवा थेट आपल्या तोंडावर येते. हा फरक विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना तंत्र शिकवताना संग्रहातले प्रमाणित स्ट्रेन द्या, कार्बापेनेम गटाच्या औषधांना प्रतिरोधी असलेला क्लेबसिएला हा जिवाणू देऊ नका. सर्व प्लेटा आणि कल्चर आधी प्रयोगशाळेतच ऑटोक्लेव्ह करून मग पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जायला हवीत; २०१६ च्या नियमांत हे स्पष्ट आहे.

तिसरी पायरी : एक कॉलनी, तीन वेळा

माझ्या पहिल्या सिक्वेन्सिंगच्या वेळी मी चार आयसोलेट पाठवले होते. त्यांतल्या तिसऱ्याच्या जोडणीची (वाचलेले तुकडे जुळवून बनवलेल्या जीनोमची) लांबी आली जवळजवळ १ कोटी बेस. ई. कोलायचा जीनोम साधारण ४६ ते ५५ लाख बेसचा असतो, म्हणजे हा आकडा दुप्पट होता. जीसी प्रमाणाचा (डीएनएतील जी आणि सी या बेसच्या वाट्याचा) आलेख उघडला तेव्हा एका टेकडीऐवजी दोन टेकड्या दिसल्या, एक ५० टक्क्यांच्या आणि दुसरी ५७ टक्क्यांच्या आसपास. ई. कोलायबरोबर क्लेबसिएला आला होता. मॅकॉन्की माध्यमावर दोन्ही गुलाबी दिसतात. घाईत, प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्यांच्या मध्ये मी ती कॉलनी उचलली होती आणि पुन्हा स्ट्रीक केली (नव्या प्लेटवर रेघा ओढून सुटी केली) नव्हती. पैसे गेले, आणि त्या आयसोलेटचे आधी मोजलेले सगळे झोनही निरुपयोगी ठरले, कारण ते कोणत्या जिवाणूचे होते हे सांगता येत नव्हते.

म्हणून हा नियम करून टाका : प्रत्येक आयसोलेट सलग तीन वेळा, दर वेळी एकाच सुट्या कॉलनीपासून स्ट्रीक करायचा, एकदा तरी निवडक माध्यम सोडून साध्या पोषक माध्यमावर, म्हणजे दबून राहिलेला सोबती वर येतो. मगच ओळख पटवायची. जैवरासायनिक चाचण्या नीट केल्या तर ई. कोलायसाठी पुरतात, जवळपास माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जिवाणू ओळखणारे यंत्र) असेल तर उत्तमच. प्रजाती ओळखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या १६एस जनुकाच्या क्रमावर विसंबून ई. कोलाय आणि शिगेला वेगळे करता येत नाहीत, आणि क्लेबसिएलाच्या जवळच्या प्रजातीही त्यावरून खात्रीने सांगता येत नाहीत, हे माहीत असूनही अनेक प्रबंधांत तेच केलेले दिसते.

साठवणूक १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर. आपल्याकडे उणे २० चाच फ्रीझर असेल आणि उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जात असेल, तर प्रत्येक आयसोलेटच्या दोन कुप्या करा आणि दुसरी कुपी उणे ८० अंशांची सोय असलेल्या संस्थेत लेखी समजुतीने ठेवा. बर्फविरहित प्रकारचा घरगुती फ्रीझर टाळा, कारण त्याचे तापमान आपोआप वर-खाली होत राहते. कुपीवर मार्करने लिहिलेला क्रमांक अल्कोहोलने पुसला जातो. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि नोंदवहीतला तोच क्रमांक ही जोडी टिकते.

चौथी पायरी : डिस्क चाचणी, जशी करायला हवी तशी

किर्बी-बाउअर पद्धत आपण द्वितीय वर्षापासून शिकवतो आणि त्यामुळेच ती गृहीत धरतो. संशोधनासाठी तीच चाचणी करताना प्रत्येक बारीक गोष्टीला अर्थ असतो. म्युलर-हिंटन अगारची जाडी ४ मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या पेट्रीबशीत मोजून २५ मिलिलिटर माध्यम ओतले की ती मिळते. फ्लास्कमधून अंदाजाने ओतलेल्या प्लेटा कुठे ३ तर कुठे ५ मिलिमीटरच्या होतात, आणि पातळ अगारवर झोन मोठा, जाड अगारवर लहान येतो. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफर्लंडच्या गढूळपणाशी जुळवायचे, म्हणजे प्रति मिलिलिटर सुमारे १५ कोटी पेशी. हे मानक विकत घेण्याची गरज नाही : १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचे ०.५ मिलिलिटर द्रावण १ टक्का सल्फ्युरिक आम्लाच्या ९९.५ मिलिलिटरमध्ये मिसळा, ६२५ नॅनोमीटरला त्याचे शोषण ०.०८ ते ०.१३ च्या दरम्यान आहे याची खात्री करा, आणि घट्ट बंद नळ्यांत अंधारात ठेवा. तुलना करताना मागे काळ्या रेघा आखलेले पांढरे कार्ड धरावे. द्रावण जुळवल्यापासून १५ मिनिटांत प्लेटवर पसरावे आणि त्यानंतर १५ मिनिटांत डिस्क ठेवाव्यात. ९० मिलिमीटरच्या प्लेटवर पाचपेक्षा जास्त डिस्क नकोत. डिस्कची कुपी फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडली तर आतल्या थंड डिस्कवर दव धरते. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा.

उबवण १६ ते १८ तासांची असते, आणि इथे अध्यापनाचे वेळापत्रक आपल्या मदतीला येते. दुपारची तुकडी चारला सुटते. साडेचारला प्लेटा ३५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेदहा या वेळात वाचायच्या. पहिला तास अकराला असेल तर निवांत वाचून होतात. शनिवारी प्लेटा लावू नयेत. ‘रविवारी येऊन बघू’ म्हणून लावलेल्या प्लेटा सोमवारी ४० तासांनी वाचल्या जातात आणि त्यांची नोंद तरीही वहीत शिरते.

प्रत्येक वेळी सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (अमेरिकन संग्रहातला प्रमाणित स्ट्रेन) लावायचाच. त्याचा जेन्टामायसिनचा झोन १९ ते २६ आणि सेफोटॅक्सिमचा २९ ते ३५ मिलिमीटरमध्ये यायला हवा. आला नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद, मग ते कितीही आकर्षक असोत. हे प्रमाणित स्ट्रेन चंडीगढच्या एमटीसीसीकडून किंवा अन्य अधिकृत संग्रहातून समतुल्य क्रमांकाने मिळतात. शेजारच्या महाविद्यालयातून वर्षानुवर्षे हस्तांतरित होत आलेला ‘एटीसीसी’ घेऊ नका.

नोंद मिलिमीटरमध्येच करा. फक्त ‘आर’ (प्रतिरोधी) किंवा ‘एस’ (संवेदनशील) लिहून थांबू नका. याचे कारण एका आकड्यात दिसते. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कचा २३ मिलिमीटरचा झोन सीएलएसआय या अमेरिकन मानक संस्थेच्या २०१८ च्या तक्त्यानुसार संवेदनशील होता. २०१९ मध्ये मर्यादा बदलल्या आणि तोच झोन मध्यम गटात गेला. ज्यांनी मिलिमीटर लिहून ठेवले होते त्यांना जुनी माहिती नव्या तक्त्याने पुन्हा वाचता आली. म्हणून शोधनिबंधात तक्त्याचे वर्षही लिहावे लागते. सीएलएसआय आणि युरोपातील युकास्ट यांपैकी एकच तक्ता निवडा. युकास्टचा विनामूल्य उपलब्ध आहे.

ईएसबीएलच्या खात्रीसाठी सेफोटॅक्सिमची एकटी डिस्क आणि क्लॅव्हुलॅनिक आम्लासह असलेली डिस्क शेजारी लावतात. दुसरीचा झोन ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक मोठा असेल तर निष्कर्ष होकारार्थी. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची चाचणी मात्र डिस्कने करूच नका. हा रेणू मोठा आहे, अगारमध्ये नीट पसरत नाही, आणि झोनवरून काढलेला निष्कर्ष फसवतो. त्यासाठी सूक्ष्म विरलनाची द्रव-माध्यम पद्धत ही संदर्भ-पद्धत आहे. प्रोटियस मुळातच कोलिस्टिनला दाद देत नाही आणि क्लेबसिएला अ‍ॅम्पिसिलिनला, म्हणून बहुऔषध-प्रतिरोधाची मोजणी करताना असे नैसर्गिक प्रतिरोध वगळावे लागतात.

पाचवी पायरी : कोणते आयसोलेट, किती डीएनए

शंभर आयसोलेटांपैकी दहा निवडायचे असतील तर सर्वांत जास्त प्रतिरोधी दहा उचलण्याचा मोह होतो. तसे केले तर त्या दहांवरून शंभरांबद्दल काहीही सांगता येणार नाही. झोनच्या नक्षीवरून गट करा, प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून निवडा, आणि एखादा संवेदनशील आयसोलेटही घ्या. तुलनेला तोच उपयोगी पडतो.

डीएनए ज्या कल्चरपासून काढायचा त्याच कल्चरवर झोन पुन्हा मोजावा. प्रतिजैविकाविना वारंवार उपसंवर्धन केले की काही जिवाणू प्लास्मिड (प्रतिरोध-जनुके वाहू शकणारे सुटे डीएनए-वर्तुळ) गमावतात, आणि मग जानेवारीतला प्रतिरोधी आयसोलेट जूनमध्ये संवेदनशील निघतो. २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास आणि २६०/२३० गुणोत्तर २ च्या आसपास हवे. नॅनोड्रॉपने दाखवलेल्या प्रमाणावर विसंबू नका, कारण तो आरएनएही मोजतो, क्युबिटने मोजा. जेलवर वरच्या बाजूला एकच स्वच्छ पट्टा दिसला तर पाठवण्यास हरकत नाही. स्टॅफिलोकोकसची भित्ती साध्या किटने फुटत नाही, तिला लायसोस्टॅफिन लागते.

कोटेशन मागताना नमुन्यामागे किती माहिती मिळणार हे लिहून घ्या. ५० लाख बेसच्या जीनोमला १०० पट व्याप्ती (प्रत्येक बेस सरासरी १०० वेळा वाचला जाणे) हवी तर ५० कोटी बेस लागतात, म्हणजे १५० बेसच्या जोड-वाचनांच्या सुमारे १७ लाख जोड्या. कच्च्या वाचनांच्या फास्टक्यू फायली आपल्या ताब्यात मिळतील, हेही कोटेशनमध्ये असू द्या. फक्त रंगीत अहवाल मिळाला आणि फायली मिळाल्या नाहीत, तर ते काम प्रसिद्ध करता येत नाही.

सहावी पायरी : फायलींपासून जनुकांपर्यंत

संगणकाची भीती बाळगण्याचे कारण नाही. १६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर विंडोजमध्येच लिनक्सची सोय सुरू करून एका जिवाणूचा जीनोम जोडता येतो. तेही नको असेल तर गॅलेक्सी या मोफत सेवेवर ब्राउझरमधून सगळी साधने चालवता येतात. क्रम असा ठेवा. आधी फास्टक्यूसीने वाचनांचा दर्जा पाहावा आणि फास्टपीने टोके छाटावीत. मग क्रॅकन २ चालवून एकाच प्रजातीची वाचने आहेत ना हे तपासावे; माझी ती जुनी चूक या एका पायरीने अर्ध्या तासात उघडी पडली असती. त्यानंतर स्पेड्सने जोडणी, क्वास्टने लांबी व तुकड्यांची संख्या, आणि चेकएमने पूर्णता व भेसळ तपासावी. ई. कोलायची एकूण लांबी ४५ ते ५५ लाखांत आणि तुकडे दोनेकशेच्या आत असले तर पुढे जा. जनुकांच्या वर्णनासाठी बाक्टा, जिवाणूचा प्रकार (एसटी) ठरवण्यासाठी सात जनुकांची एमएलएसटी, प्रतिरोध-जनुकांसाठी एएमआरफाइंडरप्लस किंवा रेसफाइंडर. प्रत्येक साधनाची आवृत्ती आणि माहितीसंग्रहाची तारीख त्याच दिवशी नोंदवहीत लिहा. सहा महिन्यांनी परीक्षक नेमके तेच विचारतात.

आता ज्या चुका मला हस्तलिखितांत पुन्हा पुन्हा दिसतात त्यांविषयी. पहिली : ‘प्रत्येक आयसोलेटमध्ये ४५ प्रतिरोध-जनुके आढळली.’ कार्डसारख्या प्रतिरोध-जनुकांच्या व्यापक संग्रहाशी जुळवणी केली की एसीआरबी, एमडीएफ-ए यांसारखी, औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या निःसारक पंपांची जनुकेही यादीत येतात, आणि ती जवळजवळ प्रत्येक ई. कोलायमध्ये, अगदी संपूर्ण संवेदनशील के-१२ या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनमध्येही असतात. क्लेबसिएला न्यूमोनियातील एसएचव्ही आणि फॉस-ए या जनुकांचेही तसेच. मुळातच असलेले आणि बाहेरून मिळवलेले, असे दोन भाग केल्याशिवाय यादी छापू नका. त्यासाठीच वर सांगितलेला संवेदनशील आयसोलेट सोबत ठेवायचा.

दुसरी चूक उलट दिशेची : जनुक सापडले नाही, म्हणजे झोन चुकला. सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रतिरोध बहुधा जायआर-ए आणि पार-सी या जनुकांतल्या बिंदूबदलांनी येतो, उदाहरणार्थ जायआर-ए मध्ये ८३ व्या स्थानी सेरीनऐवजी ल्युसीन. बिंदूबदल शोधण्याचा पर्याय सुरू केला नाही तर ते दिसणारच नाहीत. कार्बापेनेमेझ (कार्बापेनेम तोडणारे एन्झाइम) नसतानाही क्लेबसिएला कार्बापेनेमला प्रतिरोधी असू शकतो, कारण ओएमपी-के ३५ आणि ३६ ही औषध आत येण्याची छिद्रे बंद झालेली असतात आणि सोबतचा ईएसबीएल उरलेले काम करतो. झोन आणि जनुक जुळत नाहीत तिथे थांबा, दोन्ही पुन्हा तपासा, आणि तरीही जुळले नाही तर तसेच लिहा. अशा विसंगतीतूनच चांगले संशोधन निघते.

तिसरी चूक प्लास्मिडची. आखूड वाचनांच्या जोडणीत एनडीएम या कार्बापेनेमेझचे जनुक पुष्कळदा तीन-चार हजार बेसच्या एका लहान तुकड्यावर एकटेच बसलेले दिसते, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना आयएस २६ सारखे पुनरावृत्त होणारे घटक असतात आणि जोडणी तिथे तुटते. त्याच जीनोममध्ये दुसऱ्या तुकड्यावर प्लास्मिडची खूण सापडली, एवढ्यावरून ‘एनडीएम या प्लास्मिडवर आहे’ असे म्हणता येत नाही. त्यासाठी नॅनोपोरसारखी लांब वाचने हवीत. तेवढा निधी नसेल तर संयुग्मनाचा (एका जिवाणूतून दुसऱ्यात डीएनए जाण्याचा) जुना प्रयोग करा : सोडियम अ‍ॅझाइडला प्रतिरोधी असलेला ई. कोलाय जे ५३ हा ग्राहक, आपला आयसोलेट दाता, आणि अ‍ॅझाइड आणि प्रतिजैविक दोन्ही घातलेल्या प्लेटवर उगवणारी कॉलनी. जनुक हस्तांतरित होते याचा हा थेट पुरावा, आणि तो कोणत्याही महाविद्यालयात मिळवता येतो. सोडियम अ‍ॅझाइड मात्र अत्यंत विषारी आहे आणि धातूच्या नळात गेल्यास स्फोटक संयुगे तयार करते, त्यामुळे त्याचे द्रावण सिंकमध्ये ओतू नका आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नका.

दोन आयसोलेट वंशवृक्षावर शेजारी आले म्हणजे एका रुग्णाकडून दुसऱ्याला संसर्ग झाला, असाही निष्कर्ष काढू नये. किती एसएनपींच्या (एकेका बेसच्या फरकांच्या) आत नाते मानायचे याची सर्वत्र लागू होणारी मर्यादा नाही. तारखा, वॉर्ड आणि त्या प्रकाराचा प्रसार हे सगळे सोबत पाहावे लागते. ई. कोलायचा एसटी १३१ हा प्रकार तर जगभर आढळतो.

सातवी पायरी : निधी आणि प्रसिद्धी

सुरुवातीला आठ-दहा जीनोम पुरेत. त्यांतून एक छोटा, नेटका लेख होतो, आणि तोच पुढच्या अर्जाचा आधार बनतो. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँट, आयसीएमआर, जैवतंत्रज्ञान विभाग, आणि आपल्या राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग, या ठिकाणी लक्ष ठेवा. अर्जात यंत्रांच्या यादीपेक्षा आधीच मोजलेल्या झोनचा एक तक्ता जास्त वजन टाकतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना बहुतेक योजनांत स्वतंत्र अर्ज करता येत नाही, ही अन्यायाची गोष्ट आहे. कायम पदावरील व्यक्तीने त्यांना सोबत घेताना लेखकांच्या यादीतले स्थान कामाच्या आधीच लेखी ठरवावे.

यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे. चार दिवसांत स्वीकृती आणि पाचव्या दिवशी शुल्काची मागणी करणारे नियतकालिक कितीही आवर्जून निमंत्रण देत असले तरी तिथे वर्षभराचे काम देऊ नका. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीचे ‘मायक्रोबायॉलॉजी रिसोर्स अनाउन्समेंट्स’ हे आखूड जीनोम-वृत्तांसाठीच आहे, आणि नव्या लेखकाला शिस्त लावण्यासाठी तो आकार फार चांगला.

लेख पाठवण्याआधी कच्ची वाचने सार्वजनिक संग्रहात जमा करा : अमेरिकेच्या एनसीबीआयकडे, किंवा फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरकडे. अर्जात नमुन्याचे ठिकाण, स्रोत आणि तारीख यांचे रकाने असतात, आणि संग्रहांत असे असंख्य जीनोम पडून आहेत ज्यांच्यापुढे या रकान्यांत ‘उपलब्ध नाही’ एवढेच लिहिले आहे. तसे जीनोम पुढे कुणाच्याच तुलनेला येत नाहीत. आपली नोंदवही उघडा, नाल्याचे ठिकाण, महिना, पाऊस, माध्यम, सगळे भरा, झोनचे मिलिमीटरही जोडा, आणि ज्या आयसोलेटवर लेख उभा आहे तो पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात किंवा अन्य अधिकृत संग्रहात जमा करून त्याचा क्रमांक लेखात द्या. पुढे आपली बदली झाली किंवा फ्रीझर बंद पडला तरी तो जिवाणू मागवून आपला झोन पुन्हा मोजता येईल.